कडुनिंबापासून पंधरा फूट

शनिवार, १० जानेवारी १९७६

ही वही सुहासिनीबाईंनी मला एक तारखेला दिली. आज दहा तारीख. नऊ पानं कोरी गेली, त्याबद्दल मी माफी मागतो. कोणाची ते माहीत नाही, वहीचीच समजा. रोज लिहीन म्हणून बाईंना शब्द दिला होता. पण माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि पेन हातात घेतलं की काय लिहावं हेच सुचत नाही. त्यात मन थाऱ्यावर नाही.

बाईंनी सांगितलं आहे की प्रेमिलाने रोज किती बॉल टाकले आणि किती आत गेले, एवढंच लिहायचं. पण नुसते आकडे लिहून माझ्या जिवाचं काय होणार?

प्रेमिला माझी नात. वीस वर्षांची आहे. बाप नाही, आठ वर्षं झाली. आई सुभद्रा, माझी सून, दवाखान्यात आया आहे. मी धंतोलीच्या क्लबच्या मैदानावर एकतीस वर्षं नोकरी केली. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या. पोरगी माझ्यामागे मैदानावर यायची, तिथेच बास्केटबॉल शिकली. सुहासिनीबाई तिला शिकवतात.

डिसेंबरमध्ये फायनल होती. आम्ही एका पॉइंटने मागे, वेळ संपलेली, आणि प्रेमिलाला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रोमध्ये कोणी आडवं येत नाही. रेषेवर एकटीने उभं राहायचं आणि बॉल रिंगमध्ये टाकायचा. सगळं मैदान गप्प झालं होतं. पहिला गेला बाहेर. दुसरा ती टाकणार, तेवढ्यात मी बाकावरून ओरडलो, "पमे, सांभाळून वं!" तोही बाहेर गेला.

रेल्वेचे एक साहेब पोरी निवडायला आले होते. ते बाईंना म्हणाले, "लडकी अच्छी है, पर लाइन पे इसके हाथ ठंडे पड़ जाते हैं." तरी त्यांनी मार्चमध्ये कलकत्त्याला चाचणीला बोलावलं आहे. तिथे निवड झाली तर नोकरी आणि खेळ दोन्ही. नाही झाली तर हिंगणघाटचे पाहुणे थांबलेलेच आहेत. लग्नानंतर मैदान बंद, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

मी का ओरडलो?


रविवार, ११ जानेवारी

आज अंगणात रिंग लावली. रिंग लोहाराकडून करून घेतली, फळ्या जुन्या दाराच्या. कडुनिंबाच्या फांद्या आड येत होत्या म्हणून खोडाला दोन वासे ठोकले आणि त्यांच्या टोकाला फळी बसवली. म्हणजे फळी खोडाच्या दीड फूट पुढे आली. उंची दहा फूट, मोजून.

मग फ्री थ्रोची रेषा. खोडाला दोरी बांधली, पंधरा फूट मोजले, चुना टाकला. अडुसष्ट वर्षांचा झालो, पण रेषा अशी सरळ आली की मीच पाहत राहिलो.

शेजारचा चंद्रभान कुंपणावरून म्हणाला, "काहून गा रुपरावजी, पंगत बसवून राहिले का?"

"पंगत नाही. पमाची लाइन आहे."

"मले वाटलं जेवायले बोलावता. म्हणून आंघोळ करून आलो ना."

त्याला सगळ्याचीच थट्टा सुचते.


बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ द्यायला बाईंकडे गेलो. बाईंनी मैदानावरच प्रेमिलाला उभं करून पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. पाय खांद्याइतके लांब. कोपर बाहेर पसरू द्यायचं नाही, बॉलच्या खाली आणायचं. जोर हाताचा नाही, गुडघ्यांचा. शेवटी मनगट सैल सोडायचं आणि बॉल गेल्यावरही हात वरच ठेवायचा. टाकण्याआधी बॉलचे जमिनीवर तीन टप्पे, एक श्वास, नजर रिंगच्या अलीकडच्या काठावर. प्रत्येक वेळी अगदी तसंच, एकही टप्पा कमी नाही की जास्त नाही.

"मनाला रिकामं ठेवलं की ते इकडेतिकडे जातं," बाई म्हणाल्या. "म्हणून त्याला हे काम लावून द्यायचं. समजलं?"

प्रेमिला हो म्हणाली. मला विचारलं नव्हतं, तरी मीही हो म्हणालो.

अंगणात दहापैकी सहा.


गुरुवार, २२ जानेवारी

दहापैकी आठ. पुन्हा टाकायला लावले, नऊ!

मी बाजेवर बसून मोठ्याने मोजतो. सातच्या पुढे गेलं की माझाच आवाज कापायला लागतो. आज प्रेमिला म्हणाली, "आबाजी, मनात मोजा ना."

"मनात मोजलं तर चुकते माझं."

"चुकू द्या ना मग, काय होते?"

असं कसं चुकू द्यायचं? वहीत लिहायचं असतं.


रविवार, २५ जानेवारी

मैदानावर गेलो होतो. तिथे दहापैकी तीन. घरी नऊ आणि तिथे तीन! सगळे बॉल रिंगच्या अलीकडेच पडत होते. जणू अर्ध्या वाटेत जीव गेला.

बाई म्हणाल्या, "पाय वापर प्रेमिला. कमी पडतोय बॉल."

मला वाटतं पोरीच्या अंगात ताकद नाही. दवाखान्याच्या पाळ्या सांभाळून सुभद्रा करील ते करील, पण कॉलेज आणि मैदान दोन्ही करायचं म्हणजे खायला हवं. येताना केळी आणि दूध घेऊन आलो. चार केळी खाल्ल्याशिवाय पाटावरून उठू दिलं नाही. सुभद्रा म्हणाली, "मामाजी, तिले बॉल टाकायचा आहे. कुस्ती नाही खेळायची."

तिला काय माहीत मला कशाची धास्ती आहे.


सोमवार, २ फेब्रुवारी

अंगणात नऊ. संध्याकाळी मैदानावर चार. आता मला कारण कळलं. घरी कोणी पाहत नाही. मैदानावर शंभर जणांची नजर असते. पोरीला दृष्ट लागते.

तिच्या दंडाला काळा दोरा बांधला. घरच्या फळीला लिंबू-मिरची टांगली. पहिलाच बॉल लिंबाला लागला आणि लिंबू कुंपणापलीकडे चंद्रभानच्या ताटात जाऊन पडलं. तो बाहेर ओसरीवर जेवत होता.

"रुपरावजी! लिंबू पोचलं, आता मिठाचं पाहा गा!"

प्रेमिला हसून हसून खाली बसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला मात्र हसू आलं नाही. लिंबू पडणं चांगलं नाही.


रविवार, ८ फेब्रुवारी

सुहासिनीबाई घरी आल्या. घरी नऊ आणि मैदानावर चार असं का, ते स्वतः पाहायचं होतं त्यांना. चहा घेतला, मग अंगणात गेल्या. कडुनिंबाकडे पाहिलं, वर फळीकडे पाहिलं, खाली रेषेकडे पाहिलं. फळीच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून पावलाला पाऊल लावत रेषेपर्यंत चालत आल्या. प्रेमिला त्यांच्याकडे पाहत होती.

मी विचारलं, "काही चुकलं का बाई?"

बाई म्हणाल्या, "रुपराव, रेषा फार सुरेख ओढलीय तुम्ही. क्लबात आता अशी कोणी ओढत नाही."

चार वर्षं झाली मला नोकरीतून निघून. आठवण ठेवून कोणी बोललं की बरं वाटतं. मी सांगितलं, "पोरीसाठी जीव ओतला बाई." प्रेमिलाने मान खाली घातली.

नंतर बाई आणि ती कुंपणाजवळ बराच वेळ हळू बोलत होत्या. संध्याकाळी प्रेमिला म्हणाली, "आबाजी, डॉक्टरनं तुमाले सकाळी फिरायले सांगितलं आहे ना? उद्यापासून चंद्रभानकाकासोबत तलावापर्यंत जात जा."

"आणि मोजणार कोण?"

"मी मोजीन ना."

मी नको म्हणत होतो, पण तिने हात धरला तेव्हा काय बोलणार. बाईंनीच सांगितलं असणार. म्हातारा समोर बसला की पोरगी बावरते, असंच ना? खरंही असेल. डिसेंबरचं सगळ्यांना आठवतं.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पाच दिवस सकाळी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जातो आहे. चंद्रभान बोलत असतो, माझं लक्ष अंगणाकडे.

आज परत आल्यावर पाहिलं तर माझ्या रेषेच्या मागे, दीडेक फुटांवर जमीन घासून खळगी पडली आहे. चंद्रभानच्या कोंबड्या येऊन लोळत असणार. माती भरली, पाणी शिंपडलं, चोपणं घेऊन चोपून सपाट केलं.

प्रेमिला दारातून पाहत होती. म्हटलं, "पाय मुरगळला असता वं तुझा."

"हो आबाजी."

"चंद्रभानले सांगतो, कोंबड्या बांधून ठेव."

सुभद्रा तोंडाला पदर लावून आत गेली. रात्रपाळी करून आली होती, खोकला असेल.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज फिरायला गेलो नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं, आणि बाज ओढून बसलो.

दहापैकी चार.

घरी चार! इतके दिवस घरी तरी आठ-नऊ जात होते. आता तेही गेलं. बॉल जोरात मागच्या फळीवर आदळतो आणि उलटा येतो. एक तर फळीच्या वरून पलीकडे गेला. मध्येच ती रेषा सोडून दोन पावलं मागे सरकली.

मी म्हटलं, "मागे काहून जाते वं? रेषेवर उभी राहा. तिथे काय कोणी मागे सरकू देईन?"

"इथून मले बरं वाटते आबाजी."

"बरं वाटण्याचं नाही. रेषा म्हणजे रेषा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे येऊन रेषेवर उभी राहिली. तीन टप्पे, श्वास, सगळं बरोबर. बॉल धाडकन फळीवर.

दुपारी मैदानावर जाऊन बाईंना आकडा सांगितला. वाटलं चेहरा पडेल. बाई म्हणाल्या, "घरी चार? बरं, बरं." आणि हसल्या! म्हणजे त्यांनीही आशा सोडली. माणूस आशा सोडतो तेव्हा असाच हसतो. मैदानावर थांबून पाहायची हिंमत झाली नाही. डोळे मिटून बाहेर पडलो.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

अंगणात तीन.

जेवण जात नाही. काय करावं ते समजत नाही. मी काही शिकलेला नाही, खेळ मला येत नाही. मला येतो चुना टाकायला. आणि चुन्याने कोणाचा बॉल आत जात नाही.

आज धीर करून विचारलं. ती बॉल पुसत बसली होती.

"पमे, एक खरं सांग. डिसेंबरमध्ये मी ओरडलो म्हणून चुकला का बॉल?"

"नाही आबाजी."

"माझा मान ठेवायले नको सांगू."

"खरंच नाही. माझे हात आधीपासूनच थरथरत होते. एवढं मैदान गप्प बसलं होतं ना, मले वाटलं माझं कोणीच नाही तिथं. तुमचा आवाज आला तवा उलट बरं वाटलं."

"तरी चुकला."

"चुकला. तो माझा मी चुकवला. तुम्ही तो कायले डोक्यावर घेऊन फिरता?"

लहानपणापासून ती मला दुखवायचं नाही म्हणून पुष्कळ गोष्टी पोटात ठेवते. मला कळतं ते. हेही तसंच असणार.

हिंगणघाटहून मुलाच्या वडिलांचं, आनंदरावांचं कार्ड आलं आहे. पाडव्यापर्यंत उत्तर हवं आहे त्यांना. सुभद्राने कार्ड वाचलं आणि डब्याखाली ठेवून दिलं.


सोमवार, १ मार्च

गेली. हावडा मेलने. सुहासिनीबाई आणि आणखी दोन पोरी सोबत आहेत. चाचणी चार ते सहा तारखेपर्यंत आहे. निवड झाली तर तिथेच महिनाभर ठेवून घेतात म्हणे.

स्टेशनवर मी पाच वेळा विचारलं, काळा दोरा आहे ना, स्वेटर घेतला ना, गाडीत बाहेरचं खायचं नाही. चंद्रभान म्हणाला, "रुपरावजी, तुम्हीच बसा गा गाडीत, पोरगी घरी राहीन." सगळे हसले. प्रेमिलाने पाया पडून सांगितलं, "पोचल्यावर पत्ता लिहीन आबाजी. तुम्ही जेवत जा."

गाडी हलली तेव्हा ओरडावंसं वाटलं. तोंड दाबून उभा राहिलो.


बुधवार, ३ मार्च

हे कसं लिहू.

घरात बसवेना म्हणून सकाळी मैदानावर गेलो. माझ्या जागी आता देवराव नावाचा माणूस आहे. तो फ्री थ्रोची रेषा नव्याने ओढत होता. त्याने बोर्डाच्या तोंडाला दोरी लावून खाली दगड सोडला, दगड टेकला तिथे खूण केली, आणि त्या खुणेपासून टेप धरली. पंधरा फूट.

मी म्हटलं, "देवराव, खांबापासून काहून नाही मोजत?"

तो म्हणाला, "काय बाप्पा काका! बॉल काय खांबात टाकतात? बोर्डापासून मोजायचं असते. खांब तर किती मागे आहे पाहा."

मी खांब पाहिला. बोर्ड पाहिला. मधलं अंतर पाहिलं.

एकतीस वर्षं मी रेषा ओढल्या. पण मोजलं एकदाही नाही. साहेब लोक मोजून दोन खुंट्या ठोकून द्यायचे, मी खुंटीला खुंटी दोरीने जोडून चुना टाकायचो. पंधरा फूट एवढं कानावर होतं. कुठून पंधरा, ते कधी विचारलं नाही. आणि घरी मी खोडापासून मोजलं. फळी खोडाच्या दीड फूट पुढे. म्हणजे पोरीने दीड महिना साडेतेरा फुटांवरून बॉल टाकले. म्हणून घरी नऊ जात होते. म्हणून मैदानावर अलीकडे पडत होते. ताकद कमी नव्हती, दृष्ट नव्हती. माझी रेषा होती.

उद्या तिची चाचणी आहे.

तिथून थेट तारघरात गेलो. फॉर्म घेतला. कारकुनाने विचारलं, "पत्ता?"

मी सांगितलं, "कलकत्ता. रेल्वेचं मैदान."

"बाबाजी, कलकत्त्याले रेल्वेची दहा मैदानं असन. कोणतं? कोणाच्या नावानं?"

पत्ता बाईंकडे आहे. बाई तिच्यासोबत आहेत. प्रेमिला पोचल्यावर लिहिणार आहे. मी फॉर्म हातात घेऊन उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "सरका ना आजोबा." मी सरकलो. आणि पत्ता असता तरी काय लिहिलं असतं? तुझा सगळा सराव चुकीचा झाला, आता एका रात्रीत विसर, असं? ते वाचून तिचे हात थरथरणार नाहीत का?


गुरुवार, ४ मार्च

सुभद्राला सांगितलं. वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. ती भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली.

"मामाजी, तुम्ही जेवा आधी. पमाले माहीत होतं ते."

"काय माहीत होतं?"

"रेषेचं. बाईंनी त्या दिवशीच सांगितलं तिले. तुम्ही फिरायले गेले का ती मागे सरकूनच टाके रोज. दोनशे-दोनशे बॉल. तुमाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही."

सुभद्रा मायाळू आहे. नवरा गेला तेव्हाही तिनेच मला धीर दिला होता. पण मी काय लहान पोर आहे, असं सांगून समजवायला? माझ्याजवळ वही आहे. मी वही उघडून तिच्यासमोर धरली. बाईस जानेवारी, नऊ. सतरा फेब्रुवारी, चार. चोवीस फेब्रुवारी, तीन. सराव बरोबर झाला असता तर आकडा वाढला असता की कमी झाला असता?

ती म्हणाली, "तुमच्यासमोर तुमच्या रेषेवरून टाकत होती, म्हणून कमी झाला मामाजी. बॉल जास्त लांब जात होता ना?"

मी वही मिटली. बायकांना हिशेब असाच जुळवता येतो. उगाच माझं मन राखते. मी उठून बाहेर आलो. आत्ता या वेळी तिकडे पोरगी रेषेवर उभी असेल. मला दिसतं, बॉल अलीकडे पडतो आहे.


मंगळवार, ९ मार्च

पत्र नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी कुंपणाशी जातो. आता तो लांबूनच हात हलवतो.

चाचणी सहाला संपली. निवड झाली नसती तर काल परतायला हवी होती. झाली असती तर पत्र यायला हवं होतं. दोन्ही नाही. चंद्रभान म्हणतो, "पत्र कलकत्त्याहून येऊन राहिलं गा, कुंपणापलीकडून नाही. दोन-चार दिवस लागनच." त्याचं बरोबर असेल. पण ती शरमेने घरीच येत नसली तर? बाईही काही कळवत नाहीत.

आज फावडं घेऊन रेषा पुसायला गेलो. जमलं नाही. तशीच राहू दिली.


गुरुवार, ११ मार्च

प्रेमिला, आज वहीत तुलाच लिहितो. पत्ता आला की हे पान फाडून पोस्टात टाकीन. तोपर्यंत वहीतच राहील.

पमे, रेषा चुकली. मी खोडापासून मोजलं, फळीपासून मोजायचं होतं. दीड फूट जवळ पडली. तुझी आई म्हणते तुला माहीत होतं. तसं असेल तर मला रागव, पण खरं कळव. माहीत नसेल तर एक काम कर. निवड नाही झाली असं साहेब म्हणाले असतील, तर त्यांना सांग, चूक पोरीची नाही, मैदानवाल्या म्हाताऱ्याची आहे. लिहून हवं असेल तर लिहून देतो, सहीसकट. यायला सांगितलं तर येतो. हावडा मेल कुठून सुटते ते मला आता माहीत आहे. एवढंच म्हणायचं आहे की तिला बरोबर रेषेवर एक महिना द्या. रेषा मी ओढणार नाही, दुसऱ्याने ओढावी.

आनंदरावांना मी अजून काही लिहिलेलं नाही. कोणी काही म्हटलं तरी तुझं पत्र येईपर्यंत लिहिणार नाही. तेवढं माझ्या हातात आहे.

बॉल आत गेला की बाहेर गेला, ते तुला वाटेल तेव्हा सांग. मी विचारणार नाही. आधी फक्त एक कार्ड टाक. पोचलीस, बरी आहेस, जेवतेस, आणि पत्ता काय, एवढंच लिही. बाईंना वेळ असेल तर त्यांनी लिहिलं तरी चालेल. पोस्टमन साडेदहाला येतो. मी कुंपणाशीच असतो. लवकर कळव वं माय, लवकर कळव.